पालक-शिक्षक संघाचे अंदाजपत्रक आणि निधीसंकलन : नव्या कार्यकारिणीसाठी मार्गदर्शक

वर्षाच्या पहिल्या सभेत नवी कार्यकारिणी निवडली जाते आणि लगेच चर्चा सुरू होते ती यंदा आनंदमेळावा भरवायचा की वस्तूंची विक्री करायची, याची. पैसे किती हवेत आणि कशासाठी हवेत, हा प्रश्न त्या उत्साहात मागे पडतो. मग वर्षअखेरीस एक तर खात्यात रक्कम पडून राहते आणि ती कशासाठी जमवली हे कोणालाच नेमके सांगता येत नाही, किंवा शिक्षकांना दिलेला शब्द पाळण्याइतके पैसेच उरत नाहीत. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांचा आधार एकच ठेवला आहे : आधी खर्च ठरवावा, तो पालकांच्या सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा आणि मगच त्या खर्चापुरता निधी उभा करावा. हा क्रम पाळला की निधीसंकलनाचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, कारण मागणाऱ्याला आपण काय मागतो आहोत हे ठाऊक असते आणि देणाऱ्याला आपले पैसे कोठे जाणार हे दिसते.

पैशांना हात लावण्यापूर्वी

पहिले काम वाचनाचे आहे. संघाची घटना किंवा नियमावली, मागील तीन वर्षांचे जमाखर्च, सभांची इतिवृत्ते आणि बँकेची विवरणपत्रे मागून घ्यावीत व नव्या अध्यक्षांनी आणि खजिनदारांनी ती एकत्र बसून वाचावीत. या वाचनातून एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे : आपला संघ शाळेचाच एक भाग म्हणून काम करतो, की तो शाळेपासून वेगळी, स्वतंत्र संस्था आहे? संघ शाळेचा भाग असेल तर पैसे शाळेच्या खात्यातून आणि शाळेच्या आर्थिक नियमांनुसार फिरतात. तो स्वतंत्र असेल तर नोंदणी, कर, वार्षिक विवरणे आणि देणगीच्या पावत्या यांची जबाबदारी संघाच्याच अंगावर येते. याबाबतचे कायदे प्रत्येक देशात आणि पुष्कळदा प्रत्येक राज्यात वेगळे असल्याने सनदी लेखापालाचा किंवा त्या क्षेत्रातील जाणकाराचा सल्ला वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावा. मोठी देणगी दाराशी आल्यावर ही धावपळ करणे बरे नव्हे.

दुसरे काम बँक खात्याचे. खाते संघाच्याच नावावर असले पाहिजे. ‘तात्पुरते माझ्या खात्यात जमा करा, मी नंतर वळते करतो’ ही सोय कितीही सद्भावनेने दिलेली असली तरी ती स्वीकारू नये, कारण त्या क्षणापासून संघाचा पैसा आणि एका व्यक्तीचा पैसा वेगळा ओळखण्याचा कोणताही स्वतंत्र पुरावा उरत नाही. जुन्या पदाधिकाऱ्यांची स्वाक्षरीची अधिकारपत्रे रद्द करून नव्यांची नोंद होईपर्यंत कोणताही खर्च करू नये.

गरजांची यादी कशी करावी

मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थी अशा सर्वांकडून लेखी मागण्या मागवाव्यात. एका पानाचा साधा नमुना पुरतो : काय हवे, किती मुलांना उपयोग होईल, अंदाजे किंमत किती आणि वर्षातून केव्हा लागेल. तोंडी मागण्या टाळाव्यात, कारण ज्यांचा कार्यकारिणीशी परिचय आहे त्यांचीच मागणी कानावर येते आणि शांतपणे शिकवणाऱ्या शिक्षकाची राहून जाते.

आलेल्या प्रत्येक मागणीला तीन प्रश्न विचारावेत. हा खर्च मुळात शाळेनेच करायचा आहे का? तो एकदाच होणार आहे की दरवर्षी? आणि त्याचा लाभ मोजक्या मुलांना होईल की बहुतेकांना? यांपैकी पहिल्या प्रश्नावर मी आग्रही आहे. शिक्षकांचे पगार, इमारतीची सुरक्षितता, स्वच्छ पाणी आणि स्वच्छतागृहे ही शाळा चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे. संघाने ती एकदा उचलली की ती परत शाळेकडे सोपवणे फार अवघड जाते, आणि ज्या वर्षी निधी कमी जमतो त्या वर्षी मुलांची मूलभूत गरजच अडचणीत येते.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व यंत्रसामग्रीच्या बाबतीत कळते. मुद्रणयंत्र भेट देण्याचा ठराव सहज मंजूर होतो, परंतु त्याची शाई, कागद, दुरुस्ती आणि देखभालीचा करार हा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात धरायचा, हे त्याच सभेत ठरले नाही तर वर्षभरात ते यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेले दिसते. म्हणून कोणत्याही वस्तूची किंमत लिहिताना खरेदीची रक्कम आणि पुढील तीन वर्षांचा चालू खर्च असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. वस्तू कोणाच्या मालकीची राहील आणि कोणाच्या नोंदवहीत चढेल, हेही मुख्याध्यापकांशी लेखी ठरवून घ्यावे.

अंदाजपत्रक मांडताना

अंदाजपत्रकाच्या दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. जमेच्या बाजूला आरंभीची शिल्लक वेगळ्या ओळीत दाखवावी, तिच्यात या वर्षीची अपेक्षित जमा मिसळू नये. अपेक्षित जमेचा आकडा मागील तीन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नावरून काढावा आणि त्यात एखादे वर्ष अपवादात्मक असेल, म्हणजे कोणी एकाने मोठी देणगी दिली असेल किंवा एखादा कार्यक्रम रद्द झाला असेल, तर ते वर्ष बाजूला ठेवावे. जमेचा अंदाज हात आखडून आणि खर्चाचा अंदाज हात सैल सोडून करावा. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण वर्षाच्या मध्यावर शिक्षकांना ‘पैसे नाहीत’ असे सांगण्याची वेळ तोच टाळतो.

खर्चाच्या बाजूचे शीर्ष कसे असावेत, याचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकूण खर्च १०० भाग मानला, तर एखादा संघ ३० भाग ग्रंथालयासाठी, २० भाग वर्गांच्या किरकोळ साहित्यासाठी, १५ भाग क्रीडासाहित्यासाठी, १२ भाग गरजू विद्यार्थ्यांच्या सहली व साहित्याच्या मदतीसाठी, १० भाग पालक-शिक्षक कार्यक्रमांसाठी, ५ भाग छपाई, बँकशुल्क, विमा अशा प्रशासकीय बाबींसाठी आणि उरलेले ८ भाग राखीव निधीसाठी ठेवील. प्रमाण प्रत्येक शाळेत बदलेल. मात्र यातील दोन ओळी सर्वांत आधी कापल्या जातात आणि त्या कापू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे : प्रशासकीय खर्च आणि गरजू विद्यार्थ्यांची मदत. पहिला दाखवला नाही तर तो इतर शीर्षांत लपून बसतो, आणि दुसरी ठेवली नाही तर संघाच्या पैशातून निघालेल्या सहलीला पैशाअभावी काही मुले येऊ शकत नाहीत.

विशिष्ट हेतूने मिळालेली रक्कम, उदाहरणार्थ ‘केवळ संगीतवाद्यांसाठी’ म्हणून आलेली देणगी, वेगळ्या शीर्षाखाली ठेवावी. ती सर्वसाधारण खर्चात वापरण्याचा अधिकार कार्यकारिणीला नसतो. बँक खाते एकच असले तरी वहीत हे निधी वेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर बँकेतील शिल्लक भरघोस वाटते आणि प्रत्यक्षात त्यातील बराचसा पैसा आधीच कोणाला तरी बांधलेला असतो.

वर्षाचा आकडा जुळला म्हणजे काम संपत नाही. पैसे कोणत्या महिन्यात येतात आणि कोणत्या महिन्यात जातात, याचा बारा महिन्यांचा तक्ता करावा. बहुतेक संघांचा खर्च शाळा उघडताच सुरू होतो आणि मोठा निधी मात्र काही महिन्यांनी जमतो. या मधल्या काळासाठी मागील वर्षातून किमान पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम पुढे ओढली गेली पाहिजे. तशी तरतूद नसेल तर वर्गशिक्षक स्वतःच्या खिशातून खर्च करतात आणि बिले घेऊन वाट पाहत राहतात, जे कोणत्याही संघाला शोभत नाही.

तयार झालेले अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपूर्वी पुरेसे दिवस आधी सर्व पालकांना पाठवावे, सभेत ओळीओळीने वाचावे आणि ठराव, सूचक व अनुमोदक यांच्या नोंदीसह मंजूर करून घ्यावे. याच सभेत दोन मर्यादाही ठरवून घ्याव्यात : एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात किती रक्कम कार्यकारिणी स्वतः फिरवू शकते, आणि अंदाजपत्रकात नसलेला किती रकमेपर्यंतचा खर्च ती सभेविना करू शकते. त्यापलीकडे गेल्यास पुन्हा सभेची मंजुरी घ्यावी.

एका माणसाच्या हाती सर्व काही नको

हा भाग नव्या कार्यकारिणीला सर्वांत अवघड जातो, कारण येथे सगळे एकमेकांचे परिचित असतात आणि नियम लावणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे वाटते. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी विश्वासाने सोपवलेल्या पैशांचा अपहार केल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. कोणाला सांगता न येणारी आर्थिक अडचण, हाती असलेली संधी आणि ‘मी हे नंतर परत ठेवीन’ अशी मनाची समजूत या तीन गोष्टी एकत्र आल्या की एरवी प्रामाणिक असलेला माणूसही घसरतो, असा त्यांचा सूर होता. पालकाच्या घरची अडचण संघाला दिसत नाही आणि त्याच्या मनातली समजूतही कळत नाही. संघाच्या हाती फक्त संधी असते. ती बंद ठेवणे हे खजिनदारावरचे उपकारच आहेत, कारण हिशेबात काही कमी-जास्त निघाले तर नियम पाळलेले असल्याचा लेखी पुरावा त्याच्याच बाजूने उभा राहतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की खर्चाला मंजुरी देणे, प्रत्यक्ष पैसे देणे आणि हिशेब पडताळणे ही तीन कामे तीन वेगळ्या व्यक्तींकडे असावीत. प्रत्येक धनादेशावर दोन स्वाक्षऱ्या असाव्यात आणि स्वाक्षरी करणारे दोघे एकाच घरातील नसावेत. कोऱ्या धनादेशावर आगाऊ स्वाक्षरी करून ठेवणे, अगदी एक जण परगावी जाणार असला तरी, पूर्णपणे बंद असावे. ऑनलाइन व्यवहारांत अनेक बँका एकाने व्यवहार नोंदवायचा आणि दुसऱ्याने तो मंजूर करायचा अशी सोय देतात, ती मागून घ्यावी. पासवर्ड दोघांत वाटून घेतला की ही सोय निरर्थक ठरते. पैसे स्वीकारण्याचा क्यूआर कोड संघाच्या खात्याशीच जोडलेला असावा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तो लावण्यापूर्वी एक लहानशी रक्कम पाठवून ती संघाच्याच खात्यात दिसते का, हे पाहून घ्यावे.

खर्चाची भरपाई मागणाऱ्याने मूळ बिल, खरेदीचे कारण आणि अंदाजपत्रकातील शीर्ष लिहिलेले व्हाउचर द्यावे. स्वतःच्या खर्चाला स्वतःच मंजुरी देता येणार नाही, मग ती व्यक्ती अध्यक्ष असो वा खजिनदार. बिल देण्याची मुदत, उदाहरणार्थ ३० दिवस, आधीच जाहीर करावी. कोणाला आगाऊ उचल दिली असेल तर तिचा हिशेब मिटल्याशिवाय दुसरी उचल देऊ नये. किरकोळ खर्चासाठी हातात रोकड ठेवायची झाल्यास तिची रक्कम कायम ठरवावी : ठरलेली रक्कम २,००० असेल आणि १,३५० ची बिले जमली असतील, तर पेटीत ६५० असलेच पाहिजेत, आणि ती बिले दिल्यावर नेमके १,३५० च पुन्हा पेटीत घातले जातात. अशा पेटीची तपासणी कोणत्याही दिवशी, न सांगता, दोन मिनिटांत करता येते.

मोठ्या खरेदीसाठी किमान तीन दरपत्रके घ्यावीत. पुरवठादार एखाद्या सदस्याचा नातेवाईक असेल तर तो पुरवठादार बाद होतोच असे नाही, परंतु त्या सदस्याने हे नाते सभेत सांगावे, निर्णयात भाग घेऊ नये आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

निधी कसा उभारावा, हे निवडताना

अंदाजपत्रक मंजूर झाले की किती रक्कम कमी पडते, हे नेमके कळते. तो आकडा म्हणजे निधीसंकलनाचे उद्दिष्ट. आता मार्ग निवडताना एकूण गल्ल्याकडे पाहू नये. खर्च वजा जाता काय उरले आणि त्यासाठी पालकांचे किती तास गेले, या दोन गोष्टी पाहाव्यात. समजा आनंदमेळाव्यात ९०,००० जमा झाले, त्यावर ५२,००० खर्च झाला आणि तयारीपासून आवराआवरीपर्यंत स्वयंसेवकांचे १९० तास गेले. निव्वळ रक्कम ३८,००० उरली, म्हणजे ताशी २००. त्याच संघाने एका नेमक्या गरजेसाठी पालकांना देणगीचे पत्र पाठवले, त्यातून ३०,००० आले, छपाई व शुल्कावर ६०० गेले आणि १२ तास काम पडले, तर निव्वळ २९,४०० उरतात आणि ताशी हिशेब २,४५० चा होतो. चलन कोणतेही असो, ही तुलना प्रत्येक कार्यक्रमानंतर लिहून ठेवावी.

याचा अर्थ मेळावे बंद करावेत असा नाही. मेळाव्यात नवे पालक एकमेकांना भेटतात, मुलांना आनंद मिळतो आणि शाळेशी नाते जुळते, व ही मिळकत वहीत दिसत नसली तरी खरी असते. मात्र जो कार्यक्रम आपण आनंदासाठी घेतो तो आनंदासाठी घेतो असेच म्हणावे, त्याच्यावर वर्षाच्या सगळ्या निधीचा भार टाकू नये. माझ्या मते वर्षभरात दोन चांगले उपक्रम पुरेसे आहेत. दर महिन्याला हात पसरणाऱ्या संघाला पालक हळूहळू टाळू लागतात आणि सगळे काम त्याच चार-पाच जणांवर येऊन पडते.

वस्तूंच्या विक्रीतून निधी उभारण्याचे प्रस्ताव पुरवठादारांकडून नेहमी येतात. त्यांच्या करारात तीन गोष्टी शोधाव्यात : विक्रीच्या रकमेतील संघाचा वाटा किती, न विकलेला माल परत घेतला जातो का, आणि ग्राहकांची माहिती कोणाकडे राहते. पालकाने दिलेल्या पैशांतील मोठा हिस्सा वस्तूच्या किमतीतच जाणार असेल, तर तेच पैसे थेट देणगी म्हणून मागणे अधिक सरळ आहे.

प्रायोजकांच्या बाबतीत त्यांना काय मिळणार, म्हणजे फलकावर नाव की पत्रकात उल्लेख, हे एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे किंवा पालकांचे संपर्क क्रमांक कोणत्याही प्रायोजकाला देऊ नयेत. वस्तुरूपाने मिळालेल्या देणग्यांची वेगळी नोंदवही ठेवून देणाऱ्याला लेखी पोच द्यावी. सोडत काढण्याचा विचार असेल तर आधी कायदा पाहावा, कारण अनेक देशांत ती जुगाराच्या कायद्याखाली येते आणि तिला परवाना लागतो किंवा ती निषिद्धच असते.

पालकांकडे मागताना आणि मुलांना सोबत घेताना

देणगीचे पत्र लहान असावे. त्यात एकच गरज, तिची एकूण किंमत, आजवर किती जमले आणि किती हवे, शेवटची तारीख आणि देण्याची रीत एवढेच असावे. ‘शाळेच्या विकासासाठी सढळ हाताने मदत करावी’ या वाक्याने कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. ‘दुसरीच्या तीन वर्गांत मिळून १२० गोष्टींची पुस्तके घ्यायची आहेत, त्यांपैकी ७० पुस्तकांची सोय झाली आहे’ असे लिहिले की पालक उरलेल्या ५० पुस्तकांचा विचार करू लागतो.

देणगी ऐच्छिक आहे, हे पत्रात ठळकपणे लिहावे आणि तसेच वागावे. कोणी किती दिले याची यादी वर्गाच्या फलकावर किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, वर्गशिक्षकांना देणगी गोळा करायला लावू नये आणि न देणाऱ्या पालकाला दुसऱ्यांदा व्यक्तिशः विचारू नये. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांना वेळ देण्याचा, आणि ज्यांना दोन्ही शक्य नाही त्यांना काहीही न देता सन्मानाने सभेत बसण्याचा हक्क आहे. मुलाला वर्गात कमीपणा वाटेल अशा रीतीने जमवलेला निधी कितीही मोठा असला तरी तो मुलांच्या भल्याचा नव्हे.

मुलांना बक्षिसांचे आमिष दाखवून जास्त निधी जमवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. तिच्याविषयी एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात देणग्या गोळा करायला निघालेल्या शालेय विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला काहीच मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमवलेल्या रकमेच्या १ टक्क्याइतका आणि तिसऱ्याला १० टक्क्यांइतका मोबदला द्यायचा होता, व हा मोबदला देणग्यांतून जाणार नव्हता. सरासरीने सर्वांत जास्त रक्कम आणली ती काहीच मोबदला नसलेल्या गटाने, आणि सर्वांत कमी आणली ती १ टक्का मिळणाऱ्या गटाने. किरकोळ बक्षीस ठेवले की चांगल्या कामासाठी धडपडण्याची मुलांची वृत्ती झाकोळते, असा याचा अर्थ मी घेतो. मुलांना सामील करून घ्यायचेच असेल तर फलक रंगवणे, कार्यक्रमात गाणे, आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारणे अशी कामे द्यावीत. त्यांना एकट्याने अनोळखी घरांची दारे वाजवायला कधीही पाठवू नये.

कार्यक्रमाच्या दिवशीची रोकड

प्रत्येक काउंटरवर सुट्ट्या पैशांची पेटी देताना आतली रक्कम मोजून चिठ्ठीवर लिहावी आणि घेणाऱ्याची स्वाक्षरी घ्यावी. तिकिटे किंवा कूपने अनुक्रमांक असलेलीच वापरावीत. सकाळी पहिला क्रमांक ००१ आणि संध्याकाळी शेवटचा विकलेला क्रमांक ३४० असेल, तर पेटीत ३४० तिकिटांचे पैसे अधिक सुरुवातीचे सुट्टे असले पाहिजेत, हे पेटी उघडण्यापूर्वीच कागदावर मांडता येते. गर्दी असेल तर दर दोन तासांनी जादा रोकड दोघांनी मिळून काढून नेऊन कुलूपबंद ठिकाणी ठेवावी.

मोजणी बंद खोलीत, नातेसंबंध नसलेल्या दोघांनी, एका वेळी एकच पेटी उघडून करावी. पहिला नोटा आणि नाणी मूल्यानुसार लावून मोजतो, दुसरा त्या पुन्हा मोजतो, आणि दोघांचे आकडे जुळले की मोजणीपत्रकावर प्रत्येक मूल्याच्या नोटांची संख्या, एकूण रक्कम, वेळ आणि दोघांच्या स्वाक्षऱ्या येतात. तिकिटांच्या हिशेबापेक्षा ४० कमी निघाले तर ‘४० कमी’ असेच लिहावे. स्वतःच्या खिशातून भर घालून आकडा जुळवण्याचा मोह अनेक सज्जन माणसांना होतो, पण तसे केले की पुढच्या वेळी खरी चूक कोठे होते हे शोधण्याचा मार्गच बंद होतो. पत्रकाची एक प्रत खजिनदाराकडे आणि एक मोजणाऱ्याकडे राहावी.

सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम असा, की जमलेल्या रोकडीतून तिथल्या तिथे कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. मंडपवाला घाईत असतो, पेटीत पैसे असतात आणि ‘यातूनच देऊन टाका’ हे सोपे वाटते. तसे केले तर वहीत विक्रीही कमी दिसते आणि खर्चही, व कार्यक्रमाचा खरा हिशेब कायमचा हरवतो. सगळी जमा जशीच्या तशी त्याच दिवशी किंवा बँक उघडताच दुसऱ्या दिवशी भरावी, आणि देणी खात्यातूनच द्यावीत. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेने शुल्क कापून उरलेली रक्कम खात्यात टाकली असेल, तरी वहीत पूर्ण रक्कम जमेला आणि शुल्क खर्चाला लिहावे.

दरमहा काय सांगावे

खजिनदाराचा मासिक अहवाल एका पानात बसला पाहिजे. आरंभीची शिल्लक, महिन्यातील जमा, महिन्यातील खर्च, अखेरची शिल्लक, आणि प्रत्येक शीर्षापुढे मंजूर तरतूद, आजवरचा खर्च व उरलेली रक्कम एवढे त्यात असावे. सोबत बँकेशी जुळवणी जोडावी. उदाहरणार्थ, विवरणपत्रात ६४,५०० दिसतात, दिलेल्या पण अजून न वटलेल्या धनादेशांचे ७,२०० त्यातून वजा केले, भरलेले पण अजून खात्यात न उतरलेले २,००० मिळवले, तर ५९,३०० येतात, आणि वहीतील शिल्लक नेमकी तेवढीच असली पाहिजे. ही जुळवणी दर महिन्याला अशा सदस्याने पाहावी ज्याला खात्यावर स्वाक्षरीचा अधिकार नाही, आणि त्याने विवरणपत्राच्या प्रत्येक पानावर आपली स्वाक्षरी व तारीख टाकावी. एक महिना चुकला तर फरक शोधणे सोपे असते, सहा महिने चुकले तर फार जिकिरीचे होते.

सभेत कोणी पालकाने हिशेबाविषयी प्रश्न विचारला तर त्याला वही दाखवावी. प्रश्न म्हणजे आरोप नव्हे, ही सवय अध्यक्षांनीच आपल्या वागण्यातून लावायची असते. उत्तर लगेच देता येत नसेल तर प्रश्न इतिवृत्तात लिहून पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला ठेवावा.

वर्ष संपवताना

वर्षअखेरीस हिशेब तपासनीस म्हणून दोन असे पालक नेमावेत जे त्या वर्षी पदाधिकारी किंवा स्वाक्षरीकर्ते नव्हते. कायद्याने व्यावसायिक लेखापरीक्षण बंधनकारक असेल तर ते वेगळे करावे लागेलच, पण नसेल तरीही ही अंतर्गत तपासणी वगळू नये. त्यांनी पावती पुस्तकांचे सर्व क्रमांक सलग आहेत का, रद्द पावत्यांच्या दोन्ही प्रती जागेवर आहेत का, प्रत्येक व्हाउचरमागे बिल आणि ठराव आहे का, आणि मोजणीपत्रकांवरील रकमा बँकेत त्याच आकड्याने भरल्या गेल्या का, हे पाहावे. त्यांचा अहवाल दोषांसह वार्षिक सभेत वाचला जावा.

देणगीदारांना आणि सर्व पालकांना वर्षाचे एक पत्र जावे : किती जमले, कशावर किती खर्च झाले, काय घ्यायचे राहिले आणि किती रक्कम पुढे गेली. ठरवलेली एखादी गोष्ट झाली नसेल तर तिचे कारणही लिहावे.

कार्यभार सोपवताना जुन्या आणि नव्या खजिनदारांनी समोरासमोर बसून यादी करावी : वह्या, धनादेश पुस्तके व त्यांतील उरलेल्या पानांचे क्रमांक, न वापरलेली पावती पुस्तके, कुलपाच्या किल्ल्या, पुरवठादारांचे करार, येणी-देणी, वस्तूंची नोंदवही आणि प्रत्येक उपक्रमाचा निव्वळ हिशेब व तासांची नोंद. किरकोळ रोकड तेथेच दोघांनी मोजावी. यादीवर दोघांच्या आणि एका साक्षीदाराच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात, ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत आणि स्वाक्षरीकर्ते बदलण्याचा ठराव बँकेला द्यावा. जुन्या खजिनदाराने नव्या वर्षाचे पहिले तीन महिने शंका विचारण्यासाठी उपलब्ध राहावे, हे त्याच यादीच्या शेवटी लिहून घ्यावे.